चटका लागेपर्यंत

महिनाभर मी आईला घरात कोंडून कामावर जात होते. बाहेरून कुलूप लावायचं, चावी पर्समध्ये टाकायची आणि जिना उतरून कंपनीची बस पकडायची. हे मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही. बिल्डिंगमधल्या बायकांना वाटायचं, आत कुणी नाहीच. समोरच्या दारातल्या बाईला तेवढं माहीत होतं, कारण अडीनडीला असू दे म्हणून दुसरी चावी मी तिच्याकडे ठेवली होती. ती भली बाई मला कधी काही बोलली नाही. तिने चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

आईचं गाव खेडच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला. चाकणच्या चौकातली ट्रकांची गर्दी एकदाची पार केली की तासाभरात कंपन्या संपतात आणि भाताची खाचरं लागतात. वडील गेल्यापासून ती तिथे एकटी राहायची. मी एकुलती एक. आम्ही मोशीत, चौथ्या मजल्यावर. नवरा एका कारखान्यात मेंटेनन्सला आणि मी चाकणला, गाड्यांच्या वायरी बांधणाऱ्या कंपनीत लाइनवर. आमच्याकडे राहायला ये, असा मी दर सणाला घोशा लावायचे आणि दर सणाला तिचं उत्तर ठरलेलं. लेकीच्या घरी दोन दिवस पाहुणीसारखं जावं, तिसऱ्या दिवशी आपली पिशवी आपण उचलावी. जावयाच्या दारात म्हातारपण काढणं म्हणजे तिच्या लेखी नाक कापून घेणं होतं.

तब्येतीचेही तिचे नियम ठरलेले होते. भाकरी पचते, झोप लागते, डोक्यावर भारा पेलतो, तोवर माणूस ठणठणीत. आजार म्हणजे अंथरूण धरणं. त्याच्या अलीकडचं सगळं म्हणजे नुसती कुरकुर. गुडघे कुरकुरायचे, कंबर कुरकुरायची, एक खांदा तर मला आठवतंय तेव्हापासून कुरकुरत होता. तिचं अंग म्हणजे मोठ्या खटल्याचं घर होतं. कुणाचं ना कुणाचं तरी गाऱ्हाणं चालू असायचं आणि ती घरातल्या कर्त्या बाईसारखी ऐकून घ्यायची आणि कामाला लागायची. "अंग बोलतं, आपण आयकायचं," असं ती म्हणायची. दुखलं तर दाबायचं, जड वाटलं तर एक वेळ जेवायचं नाही, थंडी भरली तर काढा प्यायचा. आपल्या अंगाचं बोलणं डॉक्टरच्या तोंडून ऐकायची तिला गरज वाटत नव्हती. आणि खरं सांगायचं तर पासष्ट वर्षं तिचं कुठे अडलंही नव्हतं. साठी उलटल्यावरही ती चिखलात दिवसभर वाकून भात लावायची आणि संध्याकाळी माझ्याआधी चुलीपुढे असायची. मी तिची लेक असून दोन तासांत कंबर धरून बांधावर बसायचे.

मग एकदा गावात तपासणीची गाडी आली आणि तिच्या रक्तात साखर निघाली. तिला त्याचं हसूच आलं. उभ्या जन्मात पोटभर साखर खाल्ली नाही, ती रक्तात कुठून येईल, असं ती येईल त्याला विचारायची. गोळ्या दिल्या होत्या, त्या तिने वालाच्या बियाण्याच्या डब्यात ठेवल्या आणि जड वाटेल त्या दिवशी एखादी घ्यायला लागली. मी फोनवर ओरडायचे. ती शांतपणे सांगायची, की रोज घेतली तर अंगाला सवय लागते, मग खरंच दुखणं आलं की गोळी लागू पडत नाही. मी फोन ठेवून द्यायचे.

तळपायांची आग मात्र तिला छळायची. तूप लावून काशाच्या वाटीने घासत बसायची. एका थंडीत तिने आपण होऊन फोन केला. म्हणाली, पायाची आग थांबली, वाटीचा गुण आला. मला इतका आनंद झाला की मी दुपारी कँटीनमध्ये चार जणींना सांगितलं. ते आठवलं की आता स्वतःचीच चीड येते. माझं काम काय, तर वायर जोडून झाली की बोर्डावर लावायची आणि दिवा लागतो का बघायचा. नाही लागला तर वायर आतून तुटलेली, लाल चिठ्ठी लावून बाजूला. दिवसातून शेकडो वायरींना मी हे करते. आणि आईने पायाचा दिवा विझल्याचं सांगितलं, तेव्हा मी हसत बसले.

ज्यांनी बिब्बा घालून घेतलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. पायात काटा मोडला, टोक आत राहिलं किंवा टाचेला भेग पडली, की बिब्ब्याचं काळं फळ दाभणाला टोचून दिव्याच्या ज्योतीवर धरायचं. त्याचं तेल सुटायला लागतं. ते तसंच कढत त्या जागेवर टेकवायचं. चटका बसतो तो थेट डोक्यात जातो. चटका बसला म्हणजे बिब्बा लागला. लहानपणी आईने मला कितीदा घातला असेल. मी किंचाळले की ती समाधानाने म्हणायची, लागला, आता बरं होईल. न किंचाळता कुणाचा काटा बरा झाला, असं आमच्या घरात घडलेलंच नव्हतं.

त्या वर्षी होळीच्या आधी ती राबासाठी फांद्या तोडायला डोंगरात गेली. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी त्या जागेवर शेण, फांद्या, पाला पसरून जमीन भाजून घेतात, त्याला राब म्हणतात. तिथे तिच्या पायात काटा गेला. तो तिला लागला नाही. संध्याकाळी पाय धुताना करंगळीच्या खाली काळा ठिपका दिसला, तेव्हा कळलं. तिने बिब्बा घातला. चटका बसला नाही. तिने ठरवलं, बिब्बा जुना झालाय. दुसऱ्या दिवशी डब्यातला दुसरा घेतला. तोही तसाच. मग तिने आठवडी बाजारातून नवे, टपोरे आणले आणि आणखी दोन दिवस त्याच जागेवर घातले. चार दिवस ती चटक्याची वाट बघत होती. पाचव्या दिवशी बिब्बा उतला, फोड आला, फुटला. तिने हळद भरून फडकं बांधलं आणि डोंगरात जायला लागली. दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणजे बरं होतंय, एवढा साधा तिचा हिशेब होता.

मी होळीला पुरणपोळ्या घेऊन गेले. दारातच वास आला. आधी वाटलं, उंदीर मेलाय कुठेतरी. मग तिचा पाय दिसला. ती नको नको म्हणत असताना मी फडकं सोडलं. आत काय होतं ते लिहीत नाही. मी कडेला बोट दाबलं. आई कुणाची गाय कधी व्याली ते सांगत होती, ती सांगतच राहिली. तेव्हा मी घाबरले. मी विचारलं, दुखत नाही? ती म्हणाली, नाही, म्हणून तर तुला कळवलं नाही.

पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टर मुलीने तिला तपासलं. तिच्या हातात नायलॉनचा एक बारीक धागा होता. ती म्हणाली, आजी, डोळे मिटा, मी पायाला धागा लावते, लागला की हो म्हणा. आई डोळे मिटून बसली आणि थोड्या थोड्या वेळाने "व्हय" म्हणायला लागली. डॉक्टरने धागा टेकवला, आई व्हय म्हणाली. मग डॉक्टरने हात उचलला, धागा हवेत धरला आणि माझ्याकडे बघितलं. आई व्हय म्हणाली. आणखी एकदा म्हणाली. खोलीबाहेर आल्यावर मी तिच्यावर भडकले, खोटं कशाला बोललीस म्हणून. ती म्हणाली, "पोरगी यवढ्या आदबीनं इचारत व्हती. तिला न्हाई कसं म्हणायचं?"

करंगळी काढावी लागली. त्याचं तिला फार वाटलं नाही. करंगळी काय काम करते, असं तिने मलाच विचारलं. अंगाच्या कुठल्याही भागाची किंमत ती तो किती कामाला येतो यावरून करायची. पण डॉक्टरने पुढचं सांगितलं ते कामाचंच होतं. जखम भरेपर्यंत पाय जमिनीला टेकवायचा नाही, दोन महिने तरी. टेकवला आणि जखम वर सरकली तर पाऊल जाईल, कदाचित घोट्याच्या वरून. गोळ्या रोज, न चुकता. आईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली, की राब भाजायच्या आधी बरं होईल ना. राब भाजला नाही तर रोप कुठे टाकणार, आणि रोप नाही तर आवणीला शेतात लावणार काय? डॉक्टरला राब म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी म्हणाले, होईल. मीही आदबीनेच म्हणाले.

आणि मग आम्ही तिला मोशीला आणलं. पुढच्या खोलीत कॉट टाकली. ती दाराकडे तोंड करून बसायची, कुणी बसवलं तरी फिरून दाराकडेच. नवरा माझा साधा माणूस, त्याला तिचं ओझं वाटत नव्हतं. पण तो घरात असला की ती संडासला जायची नाही. जावयासमोर लंगडत, भिंत धरत जायचं तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून ती पाणीच कमी प्यायला लागली. हे मला पंधरा दिवसांनी कळलं, तांब्या सकाळी भरलेला संध्याकाळी तसाच दिसला तेव्हा. मी वैतागले. नवऱ्याने सकाळी अर्धा तास लवकर निघायला सुरुवात केली. तो दार ओढून घेऊन गेला की आई खुरडत मोरीकडे निघायची. तिने विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं होतं, की तिचे जावईपाहुणे आता लवकर कामावर जातात.

माझी शिफ्ट आठवड्याला बदलायची, त्यामुळे दिवसातले कितीतरी तास ती एकटी असायची. एका दुपारी मी बसमधून उतरले तर गेटवर वॉचमन माझीच वाट बघत होता. आई चार मजले उतरून शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये गेली होती. बांधकाम रखडलेलं, तिथे मातीचे ढीग पडलेत. तिने बँडेजची पट्टी सोडून पाय मातीत रोवला होता. वॉचमनने आणि आणखी एकाने तिला खुर्चीत बसवून वर आणलं. तिला त्याची शरम वाटत होती, पण केलं ते चुकलं असं काही वाटत नव्हतं. पाय फरशीवर राहून झोपी गेलाय, मातीला लागला की जागा होईल, असं तिचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगला गेलो तेव्हा डॉक्टरने तिला नाही, मलाच झापलं. म्हणाली, परत असं झालं तर मला काही सांगू नका, पाय वाचणार नाही.

त्या दिवशी येताना मी कुलूप आणलं.

मला वाटलं होतं ती आकांत करेल. पहिल्या दिवशी तिने कुलूप बाहेरून लागल्याचा आवाज ऐकला असणार, कारण मी आल्यावर तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी मी तिचं बँडेज तपासत होते तेव्हा म्हणाली, "पाय माझा हाय, आन् कुलूप तुझं." माझा स्वभाव तापट, तो तिच्याकडूनच आलाय. मी म्हणाले, पाय तुझा होता तेव्हा काय केलंस त्याचं? जीभ चावून काही फायदा नव्हता. ती माझ्या हाताकडे बघत राहिली आणि मी पट्टी गुंडाळत राहिले.

लाइनवर उभी असताना माझं अर्धं लक्ष त्या दाराकडे असायचं. गॅसचा कॉक बंद केला का. लाइट गेली तर. ती पडली तर. आग लागली तर समोरची बाई घरी असेल का, तिला चावी सापडेल का. सुपरवायझर आला की मान खाली. आठ तास उभं राहायचं, मधे बसलेलं चालत नाही. गेल्या वर्षापासून माझ्या उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येतात. मी कुणाला सांगितलेलं नाही. वायरी पकडता येतायत ना, मग कशाला सांगायचं? कंपनीच्या वार्षिक तपासणीत विचारतात, काही त्रास? मी नाही म्हणते. आईला बोल लावणाऱ्या बाईची ही अक्कल. हे मला तेव्हाही कळत होतं, तरी मी मुकाट्याने वायरी बांधत राहिले.

वैशाख निम्मा झाला. आई रोज विचारायची, राबाचं काय. चुलतभाऊ गावात आहे, तो भाजेल, असं मी सांगायचे. तिला ते पटायचं नाही. तो ओला पाला घालतो, नीट जळत नाही, मग तण माजतं. जखम भरत आली होती. डॉक्टर पहिल्यांदाच बरं बोलली होती. आईने हिशेब घातला, की आठ दिवसांत जाता येईल, राब उशिरा भाजला तरी चालेल. तिने कॉटवर बसल्या बसल्या पिशवी भरून ठेवली. मलाही वाटायला लागलं, की सुटलो आपण दोघी.

त्या दिवशी पहिली शिफ्ट होती. चारच्या सुमाराला मी कुलूप काढलं आणि आत पाय टाकताच तो वास आला. बिब्ब्याचा. लहानपणापासूनचा वास, ओळखायला क्षणसुद्धा लागला नाही. आई कॉटवर बसली होती. समोर स्टुलावर देवापुढचा दिवा आणि ताटलीत दाभण. बिब्बा कुठून आला म्हणून मी ओरडले. तो तिने इतके दिवस पदराच्या गाठीत बांधून ठेवला होता. मला वाटलं, परत त्याच जखमेवर. मी पर्स फेकली आणि तिचा पाय धरला. जखमेचं बँडेज होतं तसं होतं, गाठसुद्धा माझीच. तिने दुसरा पाय मांडीवर घेतला होता. चांगला पाय. त्याच्या टाचेवर काळा ठिपका ओला होता.

मी तोंडाला येईल ते बोलले. एवढं समजावून, एवढे हाल काढून, चांगल्या पायाची वाट लावायला निघालीस, असं बरंच. ती नेहमी उलटून बोलते. त्या दिवशी माझं संपल्यावर हळू आवाजात म्हणाली, "याला बी लागला न्हाई."

मी खोबरेल आणलं आणि टाचेवर चोळायला लागले. बिब्ब्यावर तोच उतारा. ती टाचेकडे अशी बघत होती, की जणू ती टाच दुसऱ्या कुणाची आहे.

"मला वाटलं, त्यो येकच गेलाय," ती म्हणाली. "ह्यो तर माझ्याजवळच व्हता. कवा गेला, सांगितलं बी न्हाई."

मी काही तरी बोलायला हवं होतं. साखरेने असं होतं, बऱ्याच जणांचं होतं, जपलं तर काही होत नाही. डॉक्टरने सांगितलेलं मला सगळं पाठ होतं. मी टाच चोळत राहिले. पासष्ट वर्षं तिने डॉक्टर, गोळी, लेक, कुणावर भरवसा ठेवला नव्हता. फक्त अंगावर ठेवला होता. आणि ते तिला न सांगता गप्प झालं होतं.

थोड्या वेळाने तिने दिवा फुंकला. शिल्लक बिब्बा ताटलीत ठेवून ताटली माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "उद्यापासनं कुलूप नगं लावू."

ड्रेसिंगच्या दिवशी मी डॉक्टरला टाचही दाखवली. फोड लहान होता, आठवड्यात सुकला. पाय दोन्ही शाबूत आहेत, एक करंगळी तेवढी नाही. गोळ्या ती रोज घेते, मी न सांगता. रोज सकाळी काच घेऊन स्वतःचे तळवे बघते, कारण आता बघितल्याशिवाय तिला कळत नाही. गावी ती गेली नाही. राब चुलतभावाने भाजला, ओला पाला घालूनच भाजला असणार. लोक विचारतात, आई बरी आहे का? मी हो म्हणते.

पण मला आठवतो तो दुसरा दिवस. सकाळी निघताना मी नुसतं दार ओढून घेतलं. दिवसभर लाइनवर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मनातल्या मनात मी तिला त्या प्लॉटमधल्या मातीच्या ढिगाऱ्यावर बघत होते आणि खरं सांगते, ती तिथे असावी असं वाटत होतं. गेटवर वॉचमन मोबाइल बघत बसला होता, त्याने मान वर केली नाही. चार मजले मी धावत चढले. सवयीने चावी हातात घेतली, मग आठवलं. दार ढकललं. पिशवी रिकामी करून, घडी घालून खिडकीत ठेवली होती. दोन महिने आई दाराकडे तोंड करून बसायची. त्या दिवशी दाराला कुलूप नव्हतं आणि ती दोन्ही पाय वर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली होती.